पुरुमेंत भरलंय का?

काउंटरपलीकडून : वाचकांचे प्रश्न, निवृत्त बँकवालीची उत्तरं

या महिन्याच्या टपालात 'संधी' या एकाच दुखण्याची पत्रं पाठोपाठ आली. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. सासू-सुनांचे प्रश्न (आणि डिचोलीच्या एका काकांच्या मांजराचा) पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, मी पेडणे तालुक्यातला, वय २७. २०१७ साली आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो. सीझनमध्ये हरमल-मांद्र्याच्या हॉटेलांत काम करतो, पावसात घरी असतो. मोपाचा विमानतळ आमच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. जागा निघाल्या तेव्हा मी कागद जमवत राहिलो आणि मुदत संपली. माझ्यापेक्षा कमी गुण असलेला मित्र आज आत कामाला आहे. मला संधी ओळखता येत नाही, की माझं नशीबच तसं? पुढची संधी कशी ओळखू?
— स. ग., पेडणे

उत्तर : तुझं पत्र वाचून मी आधी तारखा मांडल्या. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मोपाची कोनशिला बसली १३ नोव्हेंबर २०१६ रोजी. तेव्हा तू आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला असशील. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पर्यावरण परवाना अडकला, जानेवारी २०२० मध्ये सुटला. उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. म्हणजे कोनशिलेपासून सहा वर्षं ही संधी तुमच्या पठारावर डंपर फिरवत होती. तिच्या धुरळ्यानं तुझ्या आईला दोरीवरचे कपडे दोनदा धुवावे लागले असतील. ओळखता येत नाही म्हणतोस ते म्हणून मला पटत नाही. तू ओळखली होतीस. अडलास तो कागदांपाशी, आणि ते एका वाक्यात उरकून तू नशिबाकडे वळलास.

(ज्यांच्या काजूच्या बागायती त्या पठारावर गेल्या, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासमोर 'संधी' हा शब्द काढायची माझी हिंमत नाही.)

तुझ्या घरी मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात ना? माझी आई भरायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुकं गालमो (जवळा), खारे बांगडे, मिरच्या, कांद्यांच्या माळा आणायची. घरची कोकमाची सोलां, चिंचेचे गोळे, फणसाची साटं असायचीच. वडील दर वर्षी कुरकुरायचे, "एवढं कशाला? पाऊस काय जन्मभर पडणार आहे?" आई उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नसे. पाऊस येणार हे तिला ठाऊक होतं, कुठल्या दिवशी येणार ते नव्हतं, आणि आल्यावर म्हापशाला जाता येणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. नोकरीची जाहिरात अशीच येते रे. दहा-पंधरा दिवसांची मुदत घेऊन. त्या दिवसांत तू दाखला मिळवायला निघालास तर तो भर पावसात गालमो वाळवण्याचा प्रकार झाला.

माझं स्वतःचं सांगते. १९८६ साली मी पणजीच्या शाखेत कारकून होते, नोकरीला लागून वर्ष झालेलं, तिथल्याच मळा भागात एका खोलीत भाड्यानं राहायचे. आमच्याकडे म्हापशाहून येणारे एक अधिकारी होते. आखातातून येणाऱ्या पैशांचं टेबल त्यांच्याकडे. डबा खाऊन झाला की मी त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे. खरं कारण असं की त्यांच्या टेबलावर पंखा होता. पण नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून विचारायचे, हा ड्राफ्ट कसा वाचायचा, तार खरी की खोटी हे कशावरून कळतं, सही कुठल्या पुस्तकात ताडून बघायची. सात-आठ महिन्यांत ते काम माझ्या हाताला बसलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे नोंद नव्हती.

५ जुलै १९८६, शनिवार. मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. सोमवारी म्हापशासकट सगळं बार्देश बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत. साडेदहाला आमच्या काउंटरपुढे कुवेत-बहारीनच्या पैशांची वाट बघणाऱ्या बायका उभ्या, छत्र्यांचं पाणी लादीवर ओघळतंय, आणि त्या टेबलावर माणूस नाही. मॅनेजर बाहेर आले आणि म्हणाले, "हे कुणाला येतं?" माझ्यापेक्षा दहा-दहा वर्षं जुनी माणसं होती तिथे. मी हात वर केला. आमचे अधिकारी दुपारी चिंब भिजून पोचले तेव्हा अर्धी रांग संपली होती. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली आणि ते टेबल माझ्याकडे आलं.

आता यात मी काय ओळखलं? पूल पडणार हे काही मला दिसलं नव्हतं. मला फक्त उकडत होतं.

तर तुझ्याकडे वळू. वायरमनचा परवाना काढला आहेस का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून नाही असं धरते. आठ सीझन हॉटेलांत काम केलंस, त्यातल्या किती मालकांकडून अनुभवाचं पत्र घेतलंस? मालक मेमध्ये शटर ओढून जातात, पुढच्या ऑक्टोबरात दुसराच येतो, आणि तुझी आठ वर्षं तुझ्या तोंडी साक्षीवर उरतात. शेवटचा पगार घेतानाच पत्र मागायचं. मजकूर तूच लिहून न्यायचा, त्यांनी फक्त सही-शिक्का करायचा. लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, सही करायचा नसतो. आणि आडनावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते आज रात्री बघ. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बापाच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत तिसरंच, असे लोक मी काउंटरवर रोज बघितलेत. विमानतळासारख्या ठिकाणी आत जायचा पास देण्याआधी पूर्वचारित्र्य तपासतात. तिथे एका अक्षरानं महिना जातो.

पुढची संधी कुठली, हेही विचारलंस. एक तर तुझ्या डोक्यावरच्या छपरावर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. घराच्या छपरावर एक किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर ३०,००० रुपये अनुदान, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तला ७८,०००. देशभरात एक कोटी घरं करायचं ठरलं आहे. मी तीन किलोवॅटचे बसवून घेतले. बसवायला आलेला मुलगा कोल्हापूरचा होता, तुझ्याच वयाचा. कौलारू छपराला हात लावायला तयार नव्हता, मागच्या स्लॅबवर बसवले. अर्थिंगसाठी खड्डा खणताना आमचा जांभा बघून म्हणाला, "काकी, हा दगड एप्रिलमध्ये कोरडा पडला की अर्थिंग मार खातं, पावसात तपासून उपयोग नाही." हे त्याला गोव्यात दोन उन्हाळे चुकल्यावर कळलं म्हणे. तुला ते जन्मापासून माहीत आहे. हरमलचा खारा वारा लोखंडी क्लॅम्प किती दिवसांत खातो, हेही माहीत आहे. हे काम शिकायला यंदाचा पाऊस पुरेल. पाच-सहा महिने एखाद्या बसवणाऱ्याच्या हाताखाली जा, मजुरी कमी मिळाली तरी. त्याच्याकडे पंखा नसेल तरी.

प्रश्न : नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातली गृहिणी, वय ४८. दर वर्षी कोकमाचं आगळ (मीठ घालून काढलेला रस) आणि सोलां करते, गावात आणि नातेवाइकांत विकली जातात. गेल्या जूनमध्ये पणजीच्या एका दुकानानं आठ दिवसांत आगळाच्या दोनशे बाटल्या मागितल्या. माझ्याकडे आगळ होतं. पण त्यांनी लेबल, नोंदणी क्रमांक मागितला, तो नव्हता. ऑर्डर गेली. नवरा म्हणतो, आपल्यासारख्यांचं ते काम नव्हे. तुम्ही काय म्हणाल?
— एक भगिनी, सत्तरी

उत्तर : बाई, भाओजींना माझा नमस्कार सांगा आणि हे पान त्यांच्यासमोर उघडं ठेवा.

दोनशे बाटल्यांचं आगळ काढायला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे. मे महिन्यात रातांबे खाली पडायच्या आत काढायचे, फोडायचे, मीठ घालून बरणीत मुरवायचे, आणि सोलांवर पहिली सर यायच्या आत ऊन दाखवायचं. हे सगळं तुम्ही केलंत. राहिलं ते एवढंच की एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करायची. घरगुती छोट्या उद्योगाला पूर्ण परवाना लागत नाही, नुसती नोंदणी चालते. फी वर्षाला शंभर रुपयांच्या घरातली, अर्ज ऑनलाइन. मिळतो तो चौदा आकडी क्रमांक लेबलवर छापायचा, सोबत नाव-पत्ता, वजन, घटक, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते. कॉलेजात जाणारी भाची-पुतणी असेल तर तिच्याकडून एका संध्याकाळी भरून घ्या.

ती नोंदणी ऑर्डरच्या आधी झाली पाहिजे, एवढं माझं म्हणणं. "ऑर्डर आल्यावर बघू" हे वाक्य मी कर्जाच्या टेबलावर इतक्या वेळा ऐकलंय की माणूस 'ऑर्डर' म्हणाला की पुढचं मीच म्हणायचे. त्यात तुमचं काम वर्षातून सहा आठवड्यांचं. बाकीचे साडेदहा महिने रिकामे आहेत. काचेच्या बाटल्यांचा भाव, लेबल छापणारा, झाकण गळत नाही ना, हे सगळं त्या महिन्यांत. आणि थोडं आगळ राखून ठेवा. सगळं नात्यात वाटून मोकळं होणं ही आपली चांगली सवय आहे, पण पंचवीस बाटल्या मागच्या खोलीत असू द्यात, बहिणीला सांगू नका.

हो, आणि त्या दुकानाला आता फोन करा. नोंदणी झाली की नमुन्याच्या दोन बाटल्या घेऊन स्वतः जा. एकदा नकार द्यावा लागला म्हणजे दार बंद झालं, असं पणजीचे दुकानदार धरत नाहीत. त्यांना पुढच्या उन्हाळ्यातही आगळ लागणारच आहे.

प्रश्न : आमचं माशेल भागात जुनं घर आहे. एका पार्टीला ते होमस्टेसाठी दहा वर्षांच्या करारानं हवं होतं. सहा महिने खटपट केली, शेवटी ते कंटाळून दिवाडीला गेले. आम्ही पाच भावंडं. चूक कुठे झाली?
— निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, चूक सहा महिन्यांपूर्वीची नाही. वडील गेले त्या वर्षीची आहे.

आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, नवरा-बायकोचा मालमत्तेत अर्धा-अर्धा वाटा, म्हणजे पाच भावंडं म्हटली तरी सह्या दहा. त्यातले कोण कुवेतला, कोण लिस्बनला, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मी सांगू शकते. प्रत्येकानं तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करायचं, ते इथे पोचायचं, त्यावर स्टॅम्प लागायचा. भाडेकरू थांबतो होय?

पार्टी गेली ती जाऊ द्या. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचा अर्ज, या वर्षी घाला कोर्टात. एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर आजोबांचं नाव अजून असेल तर ते पण काढा. आणि गणपतीला सगळे जमतील तेव्हा आरती झाल्यावर, जेवायच्या आधी विषय काढा. जेवल्यावर कुणी ऐकत नाही.

प्रश्न : मी उसगावकडचा. आमचा खाणीवर चालणारा एक टिपर होता, त्याचं काय झालं ते सांगायला नको. आता मुलगा म्हणतो, कर्ज काढून दोन गाड्या घेऊया, काळ्या नंबरप्लेटवर पर्यटकांना भाड्यानं देऊया, सगळे मित्र कमावताहेत. मी नको म्हटलं की म्हणतो, तुम्हाला संधी दिसत नाही. माझं चुकतंय का?
— द. ना.

उत्तर : दादा, तुमच्या पत्रानं मला रात्री झोप लागली नाही. कारण तुम्ही सांगायला नको म्हणता ते मला माहीत आहे. तेव्हा मी डिचोली तालुक्यात मॅनेजर होते. तुमच्या नाही, पण तुमच्यासारख्या कितीतरी टिपरांच्या कागदांवर माझी सही आहे.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आसपासचे ते दिवस. आपल्या डोंगरांतला लोहखनिजाचा कमी प्रतीचा माल, जो आधी बाजूला टाकून देत, तोसुद्धा चीन घेत होता. उसगाव-साखळीच्या रस्त्यावरची झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत तांबडी. पहाटे चारला टिपरांची रांग लागायची. खाणीवरून जेटीवर ट्रिपा, जेटीवरून बार्जेस मुरगावला. काउंटरवर पोरं यायची ती एकच वाक्य घेऊन, "मॅडम, सगळे घेताहेत." एकानंही मला विचारलं नाही की हा परवाना किती वर्षांचा आहे, चीननं घेणं थांबवलं तर काय. मीही त्यांना विचारलं नाही. हप्ते वेळेवर येत होते, माझं टार्गेट पुरं होत होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये पुन्हा थोड्या चालल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद. आंब्याखाली उभ्या टिपरांच्या हौद्यांत गवत उगवलेलं तुम्ही पाहिलंत, मी पण पाहिलंय.

त्या वर्षांत माझ्याकडे एक मेकॅनिक यायचा. टिपरांचे पाटे, हायड्रॉलिक दुरुस्त करायचा. सगळ्यांनी सांगितलं, तू पण एक टिपर घे, गाडी तुझ्याच हाताखालची. त्यानं घेतला नाही. त्यानं माझ्याकडून वेल्डिंगचं मशीन आणि एका लेथसाठी कर्ज घेतलं, तेही रकमेचा तिसरा हिस्सा स्वतःचा घालून. मी तेव्हा मनात म्हटलं, किती घाबरट माणूस. खाणी बंद झाल्या तेव्हा त्याचंही गिऱ्हाईक गेलं. दोन महिने तो नुसता बसून होता, हे मी बघितलंय. मग जेसीबीवाले आले, नंतर पाण्याचे टँकर, आणि आता म्हणे नदीतल्या पर्यटनाच्या बोटींचे रेलिंग करतो. तेच मशीन.

म्हणून मुलाला 'नको' म्हणू नका, त्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर मागा. जून ते सप्टेंबर हप्ता कुठून भरणार? गाडी ठोकली तर गॅरेजमध्ये ती किती दिवस असते आणि त्या दिवसांचं काय? मित्र कमावताहेत म्हणजे हप्ता, विमा, कर वजा जाऊन किती? तिथे बहुतेकांची वाचा बसते. आणि चौथं, गाडी विकावी लागली तर त्याच्या हातात काय शिल्लक राहील, कुठलं काम त्याला येत असेल? मुलानं बरी उत्तरं आणली तर एक गाडी घेऊ द्या. दोन नको. आणली नाहीत तर तुम्हाला बोलायची गरजच पडणार नाही.

प्रश्न : तुमचं सदर वाचते. सगळं तरुणांसाठी असतं. आमचं साठीनंतर काय? आम्ही कशाला तयारी करायची?
— शालिनीताई, फोंडा

उत्तर : ताई, एक कबुली देते, मग उत्तर द्यायचं काम उरणार नाही.

वर पंख्याची गोष्ट मोठ्या तोरात सांगितली. तिच्या चार-पाच वर्षांनंतरची गोष्ट मी सहसा सांगत नाही. शाखेत लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवह्यांतल्या नोंदी करणारी, मशीन येणार होती. शिकायला कोण जाणार, असं विचारलं. मी म्हटलं, माझं अक्षर सुंदर आहे, माझे लेजर बघायला दुसऱ्या शाखांतून लोक येतात. मला नको. माझ्यानंतर लागलेली एक मुलगी गेली. ती माझ्या आधी अधिकारी झाली, माझ्या आधी मॅनेजर झाली, आणि एकदा माझ्याच शाखेची तपासणी करायला आली. तेव्हा तिनं माझ्या अक्षराचं कौतुक केलं. त्याचा मला आजही राग आहे.

कॉम्प्युटर शेवटी शिकावाच लागला, चाळिशी ओलांडल्यावर, चोवीस वर्षांच्या पोराशेजारी खुर्ची ओढून. आणि मराठी टायपिंग निवृत्तीनंतर शिकले. का शिकले ते सांगता येणार नाही, दुपारी वेळ जात नव्हता. सहा महिन्यांनी या मासिकाच्या संपादकांचा फोन आला, की सदर लिहाल का, पण मजकूर टाइप करूनच हवा, हातानं लिहिलेलं आता लावायला माणूस नाही.

हे पान मीच टाइप केलं आहे. 'ळ' कुठे आहे ते आता बघावं लागत नाही. 'ञ' अजून सापडत नाही.